रेन्वारची निळी बाई (ला पारिझियेन, १८७४): हे पोर्ट्रेट म्हणायचं की नाही?

पानगळ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसलेच. कार्डिफला येऊन मला तीन वर्षं झाली, ऑफिसपासून नॅशनल म्युझियम चालत दहा मिनिटांवर आहे आणि आत जायला तिकीट नाही, त्यामुळे डबा लवकर संपवून उरलेल्या वीस मिनिटांत मी तिकडे जाते. सगळं म्युझियम बघायला नाही, एकाच चित्रासमोर उभं राहायला. ऑगस्ट रेन्वारचं 'ला पारिझियेन', म्हणजे पॅरिसवाली. इथले लोक तिला निळी बाईच म्हणतात.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. उंची सुमारे १६३ सेंटिमीटर, रुंदी १०८ च्या आसपास, म्हणजे जवळजवळ माझ्याएवढीच उंच चौकट. त्यात एक तरुण मुलगी उभी, डोक्यापासून पायापर्यंत निळी. निळा झालरींचा ड्रेस, मागे कमरेखाली त्या काळच्या फॅशनचा फुगवटा, केसांवर कलती बसवलेली छोटीशी निळी टोपी, कानात डूल, आणि हातमोजा ओढून नीट करतेय असे हात. निघायच्या तयारीत आहे पण आपल्याकडे बघून थांबलीय. मागे काहीच नाही. खोली नाही, खुर्ची नाही, जमीन कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते तेही कळत नाही, नुसता निळसर राखाडी धुरकट रंग.

आता माझा प्रश्न. चित्राच्या नावात त्या मुलीचं नाव नाही. 'पॅरिसवाली' म्हणजे एक प्रकार झाला, जसं आपण 'पुणेरी' म्हणतो तसं. पण पोरगी खरी आहे, तिचं नाव आँरिएत आँरियो, स्टेजवर काम करणारी नटी, जन्म १८५७, म्हणजे चित्र झालं तेव्हा सोळा-सतरा वर्षांची. माझं असं झालंय की पहिले सहा महिने मी ड्रेस बघत होते आणि त्यानंतर मला फक्त तिचा चेहराच दिसतो. मला ठामपणे वाटतं की हे तिचं पोर्ट्रेट आहे, नावात असो वा नसो. म्युझियममध्ये एका वयस्कर गृहस्थांशी बोलणं झालं तर ते म्हणाले हे पोर्ट्रेट नाहीच, हे फॅशनचं चित्र आहे, मॉडेल कुणीही चाललं असतं. मला ते पटलं नाही पण उत्तरही देता आलं नाही. इथे चित्रकलेतली जाणकार मंडळी आहेत, म्हणून विचारते.

वाटसरू

मस्त धागा. मी फक्त फोनवर पाहिलंय हे चित्र आणि खरं सांगायचं तर मला फार काही वाटलं नव्हतं, छान निळा ड्रेस एवढंच. आता परत उघडून बघतो.

चौकट

पानगळताई, छान लिहिलंय. मी पेंटिंग शिकलो, आता शिकवतो, तेव्हा थोडं करण्याच्या बाजूने सांगतो.

फोनवर हे चित्र कळणार नाही वाटसरू, कारण यात सगळी गंमत अंतराची आहे. जवळ गेलात की ड्रेस सुटतो. झालर म्हणून जे दूरून दिसतं ते जवळून नुसते निळ्याचे फटकारे असतात, काही जाड काही इतके पातळ की खालचा थर दिसावा, चुणी एकही नीट 'काढलेली' नाही. दहा पावलं मागे या, की रेशीम. हे इम्प्रेशनिस्ट लोकांचं मुख्य काम, आकार रेषेने बांधायचा नाही, उजेड जसा डोळ्यात येतो तसा रंग शेजारी शेजारी ठेवायचा आणि जोडायचं काम बघणाऱ्याच्या डोळ्यावर सोडायचं. सावलीत काळा नाही तर गडद निळा, जांभळट.

पण आता चेहरा बघा. चेहरा तसा नाही रंगवलेला. तिथे ब्रश शांत आहे, एक रंग दुसऱ्यात मिसळून नेलाय, कडा मऊ आहेत पण तुटक नाहीत. एकाच कॅनव्हासवर दोन वेग आहेत. ड्रेसला घाई, चेहऱ्याला वेळ. मी मुलांना नेहमी सांगतो की चित्रकाराने कुठे वेळ दिला ते बघा म्हणजे त्याला काय हवं होतं ते कळतं. त्यामुळे मी तुमच्या बाजूचा.

गोधडी

मी थोडी विरुद्ध बाजू मांडते, राग मानू नका.

रेन्वार लिमोजचा, १८४१ चा जन्म. वडील शिंपी, आई शिवणकाम करणारी. हा माणूस कापडाच्या तुकड्यांत वाढलेला. तेरा-चौदाव्या वर्षी चिनी मातीच्या भांड्यांवर फुलं रंगवायला लागला. त्याला कापड किती कळत होतं ते या ड्रेसच्या मागच्या फुगवट्याचं वजन बघितलं की कळतं, मी स्वतः शिवते म्हणून सांगते, तो घोळ नेमका जिथून सुटायला हवा तिथूनच सुटलाय आणि एवढ्या अर्धवट फटकाऱ्यांत सुद्धा कमरेवर ओढ कुठे पडलीय ते दिसतं. त्या काळात पॅरिसमध्ये फॅशनची मासिकं होती आणि त्यातल्या छापील चित्रांत बायका अशाच उभ्या असत, पूर्ण उंचीच्या, जरा वळलेल्या, मागचा भाग दिसावा म्हणून. ही मुलगी तशीच उभी आहे. म्हणजे त्या गृहस्थांचं अगदीच चूक नाही. नाव 'पॅरिसवाली' ठेवलं ते मुद्दामच असणार, कारण प्रदर्शनाला आलेल्या प्रत्येकाला बघताक्षणी कळायला हवं होतं की ही आजची, या शहरातली बाई आहे, कुठली देवी नाही की राणी नाही.

त्या वेळी ही केवढी मोठी गोष्ट होती. एवढ्या मोठ्या पूर्ण उंचीच्या कॅनव्हासवर सरदार-दरकदारांच्या बायका काढायच्या, पैसे घेऊन. इथे एक कामकरी नटी, बहुतेक भाड्याच्या किंवा उसन्या ड्रेसमध्ये (हा माझा अंदाज), आणि तिला राणीएवढी जागा.

पानगळ

गोधडी, राग कसला, तुम्ही तर माझीच बाजू बळकट केलीत! राणीएवढी जागा, अगदी तेच मला म्हणायचं होतं आणि शब्द सापडत नव्हता.

रंगारी_७

ड्रेसच्या रंगाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून मी. माझं शिक्षण डाइंगमधलं, आयुष्य कापड रंगवण्यात गेलं, चित्रातलं फार कळत नाही पण निळा कळतो.

१८५६ ला पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या पोराने लंडनला क्विनाइन करायच्या नादात जांभळा रंग काढला, मोव्ह. कशापासून, तर कोळशाच्या डांबरापासून. दगडी कोळशापासून गॅस आणि कोक काढताना जो काळा चिकट गाळ उरायचा, जो लोक टाकून देत, त्यातून. त्यानंतर जणू रांगच लागली. १८५९ ला फ्रान्समध्ये लिआँला फ्युक्सिन हा गुलाबी-जांभळट रंग, त्याच्या पाठोपाठ १८६० च्या सुमारास अॅनिलीन निळा (अॅनिलीन म्हणजे त्याच डांबरातून मिळणारं रसायन), लिआँचा निळा म्हणून प्रसिद्ध. त्याआधी एवढा झळझळीत निळा रेशमावर बसवणं सोपं नव्हतं, नीळ होती पण नीळ खोल जाते, शांत होते, अशी ओरडत नाही. १८६० नंतर पॅरिसच्या रस्त्यावर असे रंग एकदम दिसायला लागले आणि जुन्या लोकांना ते भडक वाटायचे. म्हणजे १८७४ ला हा ड्रेस बघणाऱ्याला 'नवीन' हे त्याच्या रंगावरूनच कळलं असणार. या ड्रेसला नेमका कुठला रंग दिला होता ते चित्रावरून सांगता येणार नाही, मी काळाबद्दल बोलतोय.

आणि हे कॅनव्हासवर उतरवायला रेन्वारकडे कोबाल्ट ब्लू होता. तोही फ्रेंचच, थेनार नावाच्या केमिस्टने १८०२ ला काढलेला, आणि त्याला तो सुचला म्हणतात तो चिनी मातीच्या भांड्यांवरच्या निळ्यावरून. गोधडीताई म्हणाल्या रेन्वार भांडी रंगवायचा, म्हणजे कोबाल्टची आणि त्याची ओळख लहानपणापासूनचीच असणार, मला हे आत्ता टाइप करताना सुचलं आणि फार बरं वाटलं.

कोकमसरबत

रंगारीकाका तुम्ही वेगळा धागा काढा प्लीज, अॅनिलीन रंगांवर. मी वाचेन.

सुतारपक्षी

रंगारीकाका, तुमचं कोळशाचं वाचलं आणि मी खुर्चीतून उठलोच. हे चित्र कार्डिफला कसं आलं माहितीये का? कोळशामुळे!

मी स्वान्सीला होतो सहा वर्षं, तेव्हा हे सगळं खोदून वाचलं होतं. वेल्समध्ये डेव्हिड डेव्हिस म्हणून एक माणूस होऊन गेला, लँडिनमचा, १८१८ ते १८९०. लाकडं कापण्यापासून सुरुवात, मग रेल्वेची कंत्राटं, मग ऱ्होंडा खोऱ्यात कोळशाच्या खाणी, आणि कोळसा बाहेर पाठवायला बॅरीला स्वतःची गोदी, १८८९ ची. त्याच्या दोन नाती, ग्वेंडोलिन आणि मार्गरेट. लग्न केलं नाही दोघींनी, घर अत्यंत धार्मिक, रविवारी करमणूक बंद असं कडक वळण, आणि या दोघी १९०८ पासून चित्रं विकत घ्यायला लागल्या. आधी टर्नर, कोरो, मिले असं सगळ्यांना मान्य असलेलं, आणि मग १९१२ ला एकदम इम्प्रेशनिस्ट मोने. व्हेनिसची संध्याकाळ. ब्रिटनमध्ये तेव्हा ही चित्रं घेणारे हाताच्या बोटावर मोजण्याइतके. आणि १९१३ ला ग्वेंडोलिनने ही निळी बाई घेतली. त्याआधी ती आँरी रुआर या इंजिनियर संग्राहकाकडे होती, तो १९१२ ला वारला आणि त्याचा संग्रह लिलावात निघाला.

पहिल्या महायुद्धात या बहिणी फ्रान्समध्ये सैनिकांसाठी कँटीन चालवायला गेल्या होत्या. ग्वेंडोलिन १९५१ ला गेली, मार्गरेट १९६३ ला, आणि दोघींनी मिळून २६० कलाकृती म्युझियमला मृत्युपत्राने दिल्या. म्हणून पानगळताई फुकट बघताहेत.

म्हणजे बघा, ते नवे निळे ज्या कोळशाच्या डांबरातून आले आणि चित्र ज्या पैशाने आलं तो दोन्हीकडे दगडी कोळसाच. मध्ये चाळीस वर्षं आणि एक समुद्र.

रंगारी_७

अरे वा. हे मला माहीत नव्हतं. ऱ्होंडाचा कोळसा म्हणजे आगबोटींसाठीचा, त्याचं नाव मुंबईच्या बंदरातही होतं. धन्यवाद हो.

गोधडी

त्या कोळशासाठी जे खाली उतरले त्यांचाही हिशोब धरा म्हणजे झालं. ऱ्होंडामध्ये स्फोटांत माणसं गेलीत, पोरं सुद्धा. चित्र बघताना मला आता ते आठवणार.

सुतारपक्षी

बरोबर आहे ताई. त्या बहिणींनाही ते टोचत असावं असं त्यांच्या नंतरच्या आयुष्यावरून वाटतं, त्यांचा बराच पैसा आरोग्य, शिक्षण, संगीत यांत गेला. ग्रेगिनॉग नावाची हवेली घेऊन तिथे संगीताचे महोत्सव, हाताने छापलेली पुस्तकं असं बरंच केलं त्यांनी. फक्त भिंतीवर लावून बसल्या नाहीत.

वाटसरू

परत उघडून बघितलं, या वेळी लॅपटॉपवर. चौकटसर म्हणाले तो चेहऱ्याचा फरक दिसला. एक विचारू का, तिच्या चेहऱ्याचा रंग थोडा पिवळा-हिरवट का वाटतोय? स्क्रीनचा दोष आहे का?

चौकट

स्क्रीनचा नाही, तुमचा डोळा चांगला आहे! पॉल सिन्याकने, तो ठिपक्याठिपक्यांनी रंगवणारा पुढच्या पिढीचा चित्रकार, त्याने हे चित्र पाहून नेमकी हीच नोंद केली होती की शेजारच्या शुद्ध निळ्यामुळे कातडी विरोधाने पिवळसर दिसते आणि निळ्याचा उजेड वर पडून हिरवट होते. हा प्रयोग घरी करता येतो. मोठा गडद निळा दुपट्टा घ्या, खिडकीशी बसा, हनुवटीखाली धरा आणि आरशात मानेकडे बघा. पोर्ट्रेट शिकवताना मी हे पहिल्या महिन्यात करून घेतो, कारण मुलं कातडीचा म्हणून ट्यूबमधला एक रंग धरून बसतात आणि कातडीला असा स्वतःचा एक रंग नसतोच, शेजारी काय आहे त्यावर ठरतं.

आणखी एक, मागची भिंत. एक्स-रेमध्ये दिसलंय की आधी रेन्वारने डाव्या बाजूला एक दार आणि उजव्या बाजूला पडदा रंगवला होता. मग दोन्ही पुसून टाकले. म्हणजे सुरुवातीला ती एका घरात उभी होती. नंतर त्याने घर काढून घेतलं.

पानगळ

चौकटसर, हे दाराचं मला अजिबात माहीत नव्हतं आणि वाचून कसंसंच झालं. म्हणजे ती दारातून बाहेर पडायच्या बेतात होती, हातमोजे त्यासाठीच चढवत होती, आणि त्याने दारच मिटवलं. आता तिला जायला जागा नाही म्हणून ती आपल्याकडे बघते. हा माझा अर्थ झाला, पण आता तो डोक्यातून जाणार नाही.

गोधडी

हे मात्र माझ्या बाजूच्या विरुद्ध जातं, प्रामाणिकपणे सांगते. फॅशनचं चित्र असतं तर दार, पडदा, आरसा, कुंडी हे सगळं ठेवलं असतं, तिथे कपड्याला घर लागतंच. सगळं काढून फक्त तिला ठेवलं म्हणजे त्याला तीच हवी होती.

कोकमसरबत

१८७४ म्हणजे ते पहिलं प्रदर्शन ना? ज्यात मोनेच्या सूर्योदयावरून इम्प्रेशनिस्ट नाव पडलं?

चौकट

तेच. १५ एप्रिल ते १५ मे १८७४, पॅरिस, बुलव्हार दे काप्युसिन ३५ नंबर, नादार या फोटोग्राफरचा रिकामा स्टुडिओ. सरकारी सलोंला, म्हणजे तिथल्या अधिकृत चित्रप्रदर्शनाला, कंटाळून तीसेक जणांनी मिळून चक्क कंपनी काढली, वर्गणी भरून. तिकीट एक फ्रँक, संध्याकाळी आठ ते दहा पण उघडं, म्हणजे नोकरी करणाऱ्यांनाही यावं. चित्रं टांगायचं काम मुख्यतः रेन्वारनेच केलं आणि कॅटलॉग त्याच्या भावाने, एदमाँने. याच प्रदर्शनात रेन्वारचं 'ला लोज' पण होतं, नाटकाच्या बॉक्समध्ये बसलेली काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या ड्रेसमधली बाई, ते आता लंडनला कोर्टोल्ड गॅलरीत आहे, त्यात मागे दुर्बीण लावून बसलेला माणूस म्हणजे हाच एदमाँ. नाव पडलं ते लुई लरुआच्या 'शारिव्हारी' या विनोदी वृत्तपत्रातल्या टिंगलीच्या लेखामुळे, २५ एप्रिलला आला तो.

पैशाचं काय झालं तर डिसेंबरमध्ये रेन्वारच्याच स्टुडिओत सगळे जमले, हिशोब केला, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर १८४ फ्रँक ५० सांतीम देणं निघालं. कंपनी बंद. जी चित्रं बघायला आज विमानाने लोक जातात त्यांच्या पहिल्या प्रदर्शनाचा हा ताळेबंद.

आपल्या निळ्या बाईबद्दलही एका समीक्षकाने लिहिलं होतं. हसू खोटं वाटतं म्हणाला, चेहरा लहान मुलीचा आणि जुनाट बाईचा एकत्र वाटतो म्हणाला, आणि ड्रेसखालून डोकावणारं बुटाचं टोक छोट्या काळ्या उंदरासारखं दिसतं म्हणाला.

पानगळ

उंदीर!! मी तीन वर्षं बघतेय, बुटाकडे माझं लक्षच गेलं नाही. मंगळवारी बघते.

पण चेहऱ्याबद्दल त्याने जे लिहिलं ते वाचून मला त्रास झाला. लहान आणि जुनाट एकत्र. अहो सतरा वर्षांची पोर, मोठ्या बाईचे कपडे घालून तासन् तास उभी केलेली, तिचा चेहरा तसाच दिसणार. कामावर आलेल्या मुलीचा चेहरा आहे तो. माझी मावशी अठराव्या वर्षी टेलिफोन एक्सचेंजमध्ये लागली, पहिल्या दिवशीचा साडी नेसून काढलेला तिचा फोटो आमच्याकडे आहे, त्यात अगदी असंच आहे, मोठी दिसायचा प्रयत्न आणि गाल मात्र शाळेतले. त्या समीक्षकाला दिसलं सगळं बरोबर, फक्त त्याने ते तिच्या नावावर दोष म्हणून लावलं.

जास्वंद_ओहायो

पहिल्यांदाच लिहितेय इथे, एरवी वाचनमात्र. मी कोलंबसला राहते, अमेरिकेत. आमच्या इथल्या आर्ट म्युझियममध्ये हीच मुलगी आहे! आधी माहीत नव्हतं, हा धागा वाचून शोधलं आणि कळलं की मी तिला चार वेळा पाहिलंय. इथे ती नाटकातल्या वेशात आहे, मुलाच्या, राजाच्या दरबारातल्या सेवक पोराच्या कपड्यांत, पुन्हा पूर्ण उंचीची. आणि इथे पाटीवर नाव आहे, मादाम आँरियो.

तसंच वॉशिंग्टनला नॅशनल गॅलरीत आणखी एक, १८७६ च्या सुमाराचं, 'मादाम आँरियो' याच नावाचं, कमरेपर्यंतचं. आम्ही मुलांना घेऊन गेलो होतो तेव्हा पाहिलं होतं. त्यात ड्रेस पांढरट, इतका फिका की मागच्या रंगात विरघळून गेलाय, खांदे कुठे संपतात ते कळत नाही, आणि त्या सगळ्या धुक्यातून फक्त डोळे आणि ओठ पुढे येतात. पानगळ, तुम्ही विचारलंत ना मॉडेल कुणीही चाललं असतं का, तर कुणीही चाललं असतं तर तो दोन-तीन वर्षं तिलाच का रंगवत राहिला? कधी पॅरिसवाली, कधी मुलगा, आणि शेवटी फक्त ती.

चौकट

ओहायोताई, लिहीत जा हो. हा मुद्दा या धाग्यातला सगळ्यात भारी. आणि क्रम बघा, ड्रेस हळूहळू जातोय. १८७४ ला सगळं कापड, १८७६ ला कापड विरघळलं.

वाटसरू

तिचं पुढे काय झालं? आँरिएतचं?

जास्वंद_ओहायो

नाटकात काम करत राहिली. तिची मुलगी जेन, तीही नटी झाली, पॅरिसच्या सगळ्यात मोठ्या नाटक कंपनीत, कॉमेदी-फ्राँसेजमध्ये. ८ मार्च १९०० ला त्या थिएटरला आग लागली आणि जेन त्यात गेली. विशीतली होती. आई त्यानंतर खूप जगली, १९४४ पर्यंत.

पानगळ

…

वाचून थोडा वेळ गप्प बसले. मी रोज जिच्याकडे बघते ती सतरा वर्षांची आहे आणि तिला यातलं काहीच माहीत नाही.

कोकमसरबत

बाप रे. १९४४ म्हणजे चित्र वेल्समध्ये जाऊन तीस वर्षं झाल्यावरही ती जिवंत होती.

गोधडी

नावाच्या मुद्द्यावरून आठवलं. आपल्या हळदणकरांचं हातात दिवा घेतलेल्या बाईचं जलरंगातलं चित्र, म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं, ते कित्येक लोक अजून राजा रविवर्म्याचं समजतात. चित्रकाराचं नाव हरवलं तिथे मॉडेलचं कुठून टिकणार. ती त्यांची मुलगी गीता, नंतरच्या गीता उपळेकर, कोल्हापूरला असत, २०१८ ला १०२ वर्षांच्या होऊन गेल्या. शैली पूर्ण वेगळी, ते काटेकोर वास्तववादी काम, बोटांतून झिरपणारा दिव्याचा उजेड वगैरे, पण प्रकार तोच, चित्र सगळ्यांच्या घरी आणि मुलगी कुणालाच माहीत नाही. फरक इतकाच की त्यांच्या वडलांनी काढलं होतं, इथे मुलगी कामाला आलेली होती.

चौकट

छान आठवण काढलीत. आपल्याकडे इम्प्रेशनिस्ट धर्तीचा रंग आला तो मुंबईपेक्षा इंदूरच्या बाजूने जास्त जोरात, देवळालीकर मास्तरांच्या शाळेतून. चित्रकार ना. श्री. बेंद्रे तिथलेच. पण त्यांची ती निसर्गचित्रं, त्यावर परत कधीतरी.

सुतारपक्षी

पानगळताई, २०२४ ला तुम्हाला ती दिसली नसेल ना? त्या वर्षी ती पॅरिसला गेली होती, पहिल्या प्रदर्शनाला दीडशे वर्षं झाली म्हणून तिथल्या ओर्से म्युझियममध्ये मोठं प्रदर्शन होतं त्याला. आणि बदल्यात ओर्सेने व्हॅन गॉगचं स्वतःचं पोर्ट्रेट, १८८७ चं, कार्डिफला धाडलं होतं.

पानगळ

हो ना! अचानक एक दिवस भिंतीवर नव्हती. व्हॅन गॉग बघायला शाळांच्या बसेस यायच्या, रांगा लागायच्या, मीही पाहिला आणि आवडला, पण मला करमत नव्हतं. घरी सांगितलं तर हे म्हणाले अगं माहेरी गेलीय ती, येईल. बरोबरच होतं, दीडशेव्या वर्षी माहेरी.

वाटसरू

मी पुढच्या वर्षी लेकीकडे ब्रिस्टलला येणार आहे, तिथून कार्डिफ ट्रेनने तासाभराच्या आत आहे असं दिसतंय. जाईन. दहा पावलं मागे आणि मग जवळ, बरोबर ना सर?

चौकट

आधी जवळ जाऊ नका. दारातून बघा, मग दहा पावलं, मग अगदी जवळ (पण गार्ड ओरडणार नाही इतकंच), आणि मग परत मागे. मागे येतानाचा क्षण महत्त्वाचा, फटकारे पुन्हा रेशीम कधी होतात ते पकडायचं. मला कधी जमलं नाही पकडायला, तुम्ही बघा.

पानगळ

मंगळवारचा रिपोर्ट. बूट सापडला. ड्रेसच्या खालच्या कडेपाशी, एवढासा काळा, खरंच उंदरासारखा. मी वाकून बघत होते तर शेजारी शाळेची पोरं आली होती, त्यातली एक सात-आठ वर्षांची मुलगी मला बघून खालीच बसली फरशीवर, की ही बाई काय शोधतेय. मी बोट दाखवलं. तिने बूट पाहिला, मग वर मान करून खालपासून वरपर्यंत सगळा ड्रेस बघत बघत चेहऱ्यापर्यंत गेली आणि मला विचारलं, तिचं नाव काय?

मी सांगितलं. तिला नीट म्हणता येईना, तीनदा म्हणून घेतलं माझ्याकडून, आणि बाईंनी हाक मारली तशी तेच पुटपुटत पळाली.